काळी चार म्हणजे चौथा फ्रेट

ताई,
मी ४१ वर्षांचा आहे. चिंचवडला एका कारखान्यात शिफ्टमध्ये नोकरी करतो. तीन वर्षांपूर्वी गिटार घेतली. सहा महिने क्लास केला, मग मोबाइलवर कॉर्ड्स, म्हणजे एकदम छेडायचे सूर, बघून वाजवायला लागलो. साठ-सत्तर गाणी येतात, पण समोर कॉर्ड्स लिहिलेल्या असल्या तरच. यंदा कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर ऐन रंगात फोन बंद पडला आणि मला एकही गाणं धड आठवेना. त्यात शेजारच्या काकूंनी एक जुनं भावगीत धरलं. पेटीवर बसलेल्या काकांनी मला विचारलं, "काय, काळी चार धरायची ना?" मला प्रश्नच कळला नाही. काकांनी ते गाणं पूर्वी कधी वाजवलं नव्हतं, तसं तेच म्हणाले, तरी दुसऱ्या ओळीपासून ते बरोबर साथ करत होते. मी दूध ढवळत बसलो. क्लासच्या सरांनी तेव्हाच सांगितलं होतं, "तुम्हाला कान नाही, तुम्ही आपलं बघूनच वाजवा." ते खरं असेल का? की या वयातही नुसतं ऐकून गाणं वाजवायला जमू शकतं? जमत असेल तर सुरुवात कुठून करू?
दूध ढवळणारा, चिंचवड

सप्रेम नमस्कार,

आधी तुमच्या सरांचा निकाल लावू. काका दुसऱ्या ओळीपासून 'बरोबर' साथ करत होते, असं तुम्हीच लिहिलंय. ते बरोबर होतं हे तुम्हाला कुणी सांगितलं? समोर कागद नव्हता, फोन बंद पडला होता. कानानंच सांगितलं ना? काकांचं बोट मध्येच भलत्या सुरावर पडलं असतं, तर तुम्ही पातेल्यातून मान वर केली असती. ज्यांना सुरातला फरक खरोखरच कळत नाही अशी माणसं असतात, पण फार थोडी, आणि ती सहसा गिटार घेऊन तीन वर्षं बसत नाहीत. तुम्हाला कान आहे. त्याला आजवर कुणी कामाला लावलेलं नाही, इतकंच.

तीन वर्षं तुम्ही गाणी डोळ्यांनी वाजवलीत. शब्दावर 'जी' लिहिलंय, हात जीवर गेला. पुढे 'डी' लिहिलंय, हात डीवर. कंपनीच्या बसमधून रोज तोच रस्ता खिडकीतून बघता, पण उद्या स्वतः स्कूटर घेऊन निघालात की पहिल्याच चौकात पाय टेकावा लागतो, तसं हे झालंय. रस्ता रोजचाच, पण काढलाय ड्रायव्हरनं.

आणि काकांचं म्हणाल तर त्यांच्याकडेही दैवी असं काही नाही. त्यांनी तुम्हाला पट्टी, म्हणजे सा कुठल्या सुरावर धरायचा ते, विचारलं, हे लक्षात घ्या. एखादा सूर कानावर पडताच 'ही काळी चार' असं सांगणारा कान फार क्वचित कुणाचा असतो. काकांचा तसा नसावा, नाहीतर विचारलं कशाला असतं? त्यांना कळतं ते 'सा'पासूनचं अंतर. सा कुठल्याही पट्टीत ठेवा, गाण्यातली अंतरं तीच राहतात. ही अंतरं ओळखणं सरावानं येतं. वेस माँटगोमेरी हा अमेरिकेतला मोठा जॅझ गिटारवादक विशीच्या सुमारास गिटारकडे वळला. चार्ली ख्रिश्चन या दुसऱ्या जॅझ गिटारवादकाच्या रेकॉर्ड्स ऐकून ऐकून त्यातलं सगळं त्यानं बोटांत उतरवलं. नोटेशन त्याला वाचता येत नसे. दिवसा कारखान्यात नोकरी आणि रात्री क्लबात वादन असं त्याचं कित्येक वर्षं चाललं होतं. विशी आणि एकेचाळीस यात फरक आहे हे मान्य. पण शिफ्टचं तरी तुमचं त्याच्याशी जुळतं.

आता गिटार घ्या, पण कॉर्ड धरू नका. बारीक तारेकडून मोजत तिसरी तार, म्हणजे जीची, मोकळी वाजवा. त्या सुरावर वाढदिवसाचं गाणं म्हणायला लागा. हो, केक कापताना म्हणतात तेच. हसू नका, यापेक्षा चांगला पहिला धडा मला इतक्या वर्षांत सापडलेला नाही. मोठ्यानं म्हणा, मनातल्या मनात नको. 'हॅपी'ची दोन्ही अक्षरं मोकळ्या तारेवर येतात. 'बर्थ' जरासं वर चढतं, दुसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांड्यावरचं एकेक घर). 'डे' पुन्हा खाली, मोकळी तार. 'टू'ला उडी आहे, पाचवा फ्रेट. आणि 'यू' एक घर मागे, चौथ्यावर. झाली पहिली ओळ.

उरलेल्या तीन ओळींचे आकडे मी देणार नाही. तुम्ही शोधायचे, आणि शोधताना एक नियम पाळायचा: आधी सूर गळ्यात आणायचा, मग तारेवर. होतं काय, की बोटं घाईघाईनं तारेवर चाचपडायला लागतात, चार चुकीचे सूर वाजतात आणि त्या गोंधळात मूळ चाल डोक्यातून पुसली जाते. मग माणूस म्हणतो, मला कान नाही. म्हणून अडलात की हात तारेवरून काढा. तो एकच सूर 'आ'कारात लांबवा. लांबवत असतानाच तारेवर एक सूर वाजवा आणि विचारा, माझा सूर याच्या वर आहे की खाली? वर असेल तर एक घर पुढे जा. गळा साधारण असला तरी चालेल. इथे तुम्हाला मैफल करायची नाहीये, गळा फक्त मोजपट्टी म्हणून वापरायचाय.

तिसऱ्या ओळीत 'हॅपी'नंतर 'बर्थ'वर जी उडी आहे ती मात्र सांगून टाकते, कारण तिथे भले भले गडबडतात. मोकळ्या तारेवरून थेट बाराव्या फ्रेटवर, पुरं एक सप्तक. पार्टीत सगळेजण नेमके तिथेच बेसूर होतात की नाही बघा. कुणी अर्ध्यावरच थांबतं, कुणी किंचाळतं.

चारही ओळी सापडल्या की पहिल्या ओळीच्या 'यू'वर थांबा आणि गप्प बसा. चैन पडत नाही ना? जिन्याच्या शेवटून दुसऱ्या पायरीवर कुणी अडवल्यासारखं वाटतं. आता दुसरी ओळ वाजवून तिच्या 'यू'वर थांबा. इथे घरी पोहोचल्यासारखं वाटतं. तो पाचवा फ्रेट म्हणजे तुमचा सा. पहिली ओळ अडली होती ती नीवर. आणि गाणं सुरू झालं ती मोकळी तार? ती सा नाहीच, प आहे. नवशिका फसतो तो इथे. ज्या सुरावर गाणं उठतं, त्यालाच तो पट्टी समजून बसतो. गाणं संपतं तो सूर त्या मानानं जास्त भरवशाचा, पण तोही डोळे मिटून धरू नका. आपलं राष्ट्रगीत 'सा'वर सुरू होतं आणि शेवटच्या 'हे'ला चक्क 'म'वर जाऊन थांबतं. म्हणून सा शोधायची माझी रीत अशी: गाणं कुठेही थांबवायचं आणि स्वतःला विचारायचं, आत्ता तंबोरा लावायचा झाला तर कुठल्या सुरावर लावू? तो गुणगुणायचा. आपण भजनं, आरत्या, नाट्यपदं ऐकत वाढलेली माणसं, आपल्याला हे जमतं. वापर करायची सवय नसते.

एका तारेवर साची जागा कळली की 'सा'पासून रे दोन फ्रेट, ग चार, म पाच, प सात, ध नऊ, नी अकरा आणि वरचा सा बारा. ही शुद्ध सुरांची अंतरं. कोमल सूर एक फ्रेट अलीकडे, तीव्र म एक फ्रेट पलीकडे. हे पाठ होईपर्यंत आठवडा-दोन आठवडे फक्त एका तारेवर काढा. बालगीतं, आरत्या, मालिकांची शीर्षकगीतं, जे तोंडात असेल ते.

मग पेटीची भाषा. गिटारवाले जिला सी म्हणतात ती पेटीवाल्यांची पांढरी एक. सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की ई, म्हणजे पांढरी तीन. तिथून पहिला फ्रेट पांढरी चार, दुसरा काळी तीन, तिसरा पांढरी पाच, चौथा काळी चार, पाचवा पांढरी सहा, सहावा काळी पाच, सातवा पांढरी सात आणि आठव्यावर पुन्हा पांढरी एक. म्हणजे त्या रात्री काका विचारत होते, जाड तारेचा चौथा फ्रेट ना? तुम्ही पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) चढवून जीच्या घरातल्या, म्हणजे जीला सा मानणाऱ्या, कॉर्ड्स धरल्या असत्यात, तरी काकूंच्या पट्टीत बसलं असतं.

आता कॉर्ड्स. गाणं ऐकताना फोनच्या स्पीकरवर ऐकत असाल तर ते आजच थांबवा. तुमच्या गिटारची जाड तार ८२ हर्ट्झच्या आसपास बोलते, बेस गिटारची त्याहून एक सप्तक खाली, ४१च्या आसपास. फोनच्या पिटुकल्या स्पीकरमधून तो आवाज नीट बाहेरच पडत नाही, आणि तुम्हाला हवाय नेमका तोच. इयरफोन घाला आणि गायक, बासरी, व्हायोलिनं सगळं विसरून खाली काय चाललंय ते ऐका. ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर बेस जो सूर धरतो, बहुतेक वेळा त्याच सुराची कॉर्ड असते. बहुतेक वेळा म्हणते, नेहमी नाही. तो सूर गुणगुणा, जाड दोन तारांवर शोधा. नुसत्या या एका सुरानं अख्खं गाणं साथीला घेता येतं, पहिल्या महिन्यात तेवढंच करा.

कॉर्ड मेजर की मायनर, हा पुढचा प्रश्न. 'मेजर हसते, मायनर रडते' असं शिकवतात. मला ते फारसं पटत नाही, कारण मेजरमध्ये रडणारी गाणी ढिगानं आहेत. त्यापेक्षा ईची कॉर्ड धरा आणि तिसऱ्या तारेवरचं पहिल्या फ्रेटचं बोट उचला. ई मायनर झाली. ठेवा, उचला, ठेवा, उचला, आणि त्या एका सुराकडे कान द्या. शुद्ध गचा कोमल ग होतोय, सगळा फरक तेवढाच. पुढे प्रत्येक गाण्यात शंका आली की हाच प्रश्न विचारायचा, या कॉर्डच्या पोटातला ग कुठला?

शुद्ध सुरांच्या गाण्यात अंदाज बांधायला सोपं गणित आहे. सा, म आणि प यांच्या कॉर्ड्स मेजर, रे, ग आणि ध यांच्या मायनर. जीच्या घरात जी, सी, डी मेजर आणि ए, बी, ई मायनर. या सहांतच पुष्कळ गाणी आटपतात. घर मायनरचं असेल तरी याच सहा कॉर्ड्स, फक्त बैठक धवर जाते, आणि त्या बैठकीपासून मोजलेली पाचवी कॉर्ड बऱ्याचदा मायनरऐवजी मेजर येते. ए मायनरच्या गाण्यात ई मेजर ऐकली असेल तुम्ही.

वाढदिवसाच्या गाण्यावर हे करून बघा. सा तुम्ही सीवर शोधलाय, जीच्या तारेचा पाचवा फ्रेट म्हणजे सीच. पहिल्या ओळीचा 'यू' नीवर आहे. सीच्या कॉर्डमध्ये सा, ग, प असतात, नी नसतो. मग नी कुठल्या कॉर्डमध्ये आहे? जीमध्ये: प, नी, रे. तिथे सी दाबून धरलीत तर कानाला खुपेल, जी घेतलीत की बसेल. ज्याचा वाढदिवस आहे त्याच्या नावापाशी तिसरी मेजर कॉर्ड येते. ती कुठली, हे आता मला विचारायचं कारण नाही.

कॉर्ड्सच्या बाबतीत अजून एक गोष्ट, ही सहसा कुणी सांगत नाही. आपल्याकडच्या जुन्या गाण्यांची चाल बहुधा पेटीवर बांधली जायची, आणि कॉर्ड्स तिच्यावर नंतर चढवल्या जायच्या. हिंदी चित्रपटसंगीतात हे काम अरेंजर करत, आणि त्यात गोव्याची मंडळी मोठ्या संख्येनं होती. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही त्यांतली नावं. गोव्यात चर्चच्या शाळांमधून लहानपणीच स्वरलिपी शिकवली जायची, त्यामुळे वाद्यवृंदाचे कागद लिहिणं त्यांच्या हातचा मळ होता. सांगायचा मुद्दा असा की चालीत कॉर्ड आधीपासून दडलेली नसते. एकाच ओळीखाली दोन कॉर्ड्स चालू शकतात आणि दोन्ही बरोबर असू शकतात. तुम्ही सी लावलीत आणि मोबाइलवर ए मायनर लिहिलेलं दिसलं, तर लगेच कान पकडू नका. दोन्हींत सा आणि ग आहेतच. गाऊन बघा, आवडेल ती ठेवा. तिथे लिहिणारेही तुमच्या-माझ्यासारखेच कानानं शोधून लिहितात आणि चुकतात.

काही गाण्यांपुढे मात्र हात जोडावेत. भूप रागातली चाल असेल तर तिच्यात म आणि नी नाहीत. तुम्ही हौसेनं मची कॉर्ड घातलीत की रागात नसलेला म साथीतून घुसतो. कधी गोड लागतो, कधी घरात परका माणूस येऊन बसल्यासारखा वाटतो. यमनातल्या गाण्यात तीव्र म असतो, त्यामुळे रेची कॉर्ड मायनरची मेजर होते, आणि हे माहीत नसलं तर माणूस तासभर डोकं खाजवत बसतो. अभंग आणि नाट्यपदांना मी नुसता सा-प छेडत राहते आणि चाल बारीक तारांवर वाजवते. प्रत्येक गाण्याला कॉर्ड्स लावल्याच पाहिजेत असा काही कायदा नाही.

जुनं रेकॉर्डिंग घेऊन बसाल तेव्हा आणखी एक घोळ होईल. ट्यूनरवर गिटार चोख लागलेली, तरी गाण्याशी काही केल्या जुळत नाही. सा चौथ्या फ्रेटवर लावला तर वर जातो, तिसऱ्यावर लावला तर खाली. टेप किंवा तबकडी किंचित जलद-संथ फिरली की गाणं दोन पट्ट्यांच्या मध्ये जाऊन बसतं. मी शिकत होते तेव्हा सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर होता. सेल उतरले की तो हळू फिरायचा आणि सगळे गायक खाली उतरायचे. मी आठवडाभर एक गाणं घासलं, बसवलं, आणि नवे सेल घातल्यावर ते पार पट्टीबाहेर निघालं. त्या दिवशी रडले होते. नंतर कळलं की मी चुकले नव्हते, सेल चुकले होते. अशा वेळी ट्यूनर बाजूला ठेवा, गाण्याचा सा ऐका आणि तारा थोड्या चढवून किंवा उतरवून गिटारच गाण्याला लावा.

तुम्ही शिफ्टमध्ये आहात, तासभर बसा असं सांगण्यात अर्थ नाही. जाता-येता बसमध्ये इयरफोन लावून गाण्याच्या फक्त दोन ओळी ऐका, दहा वेळा. गिटार हातात नसणं इथे फायद्याचं आहे. घरी पोहोचेपर्यंत सा आणि बेस गुणगुणता यायला हवा. मग पंधरा मिनिटं गिटार. अवघड जागा आली तर व्हिडिओचा वेग पाऊणपट करा, सूर तोच राहतो, गाणं फक्त सावकाश चालतं. लिहिलेल्या कॉर्ड्स बघायच्याच असतील तर सगळं शोधून झाल्यावर बघा, शाळेत गणिताच्या पुस्तकाची शेवटची पानं बघायचो तसं. पहिलं गाणं कदाचित दोन आठवडे घेईल आणि भयंकर चिडचिड होईल. दहावं गाणं बहुधा एका संध्याकाळीत बसेल, कारण तोवर तुमच्या लक्षात आलेलं असेल की त्याच सहा कॉर्ड्स वेश पालटून येतायत.

एक काम मात्र याच रविवारी करा. पेटीवाल्या काकांकडे जा. अशी माणसं शिकवायला आतुर असतात, कुणी विचारत नाही म्हणून गप्प असतात. त्यांना एक सा धरायला सांगा आणि तुमच्याकडे पाठ करून दुसरा एकेक सूर वाजवायला सांगा. तुम्ही फक्त म्हणायचं: ग. प. कोमल नी. दहापैकी चार बरोबर आले तरी चहा पिऊन परत या, पुढच्या रविवारी पुन्हा जा.

काकूंचं भावगीत कुठलं होतं ते तुम्ही लिहिलं नाहीत. पुढच्या पत्रात लिहा. त्यासोबत तुम्ही स्वतः शोधलेल्या कॉर्ड्सही लिहा, बघून उतरवलेल्या नकोत. चुकल्या असतील तर मी भांडेन, पण आधी वाजवून बघेन.